शेवटच्या सिरिंजमधलं पाणी

पेशंट चाळिशीच्या बाई, घरात मेंढरं आणि राखणीची कुत्री. उजव्या बरगडीखाली जडपणा, बाकी तक्रार नाही. सोनोग्राफीत यकृताच्या पाचव्या आणि सहाव्या सेगमेंटच्या हद्दीवर 9 सेमीची हायडॅटिड सिस्ट (कुत्र्यांतल्या पट्टकृमीच्या अळीची पाण्याने भरलेली गाठ) दिसली, आत पिल्लू सिस्टची, म्हणजे मोठीच्या पोटात वाढणाऱ्या लहान सिस्टची दाटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही सीई-2, आणि उपचाराची दिशा या आकड्यावरच ठरते. आत एकच पोकळी असती (सीई-1) किंवा पडदा सुटून तरंगत असता (सीई-3ए), तर सोनोग्राफीत बघत सुईने पाणी काढायचं, जंतुनाशक सोडायचं आणि तेही परत काढायचं, ही ‘पेअर’ पद्धत पुरली असती. सीई-2 मध्ये सुई एका कप्प्यात शिरते आणि शेजारचे कप्पे शाबूत राहतात. म्हणून शस्त्रक्रिया.

दुर्बिणीने करायची की पोट उघडून, हे सिस्ट कुठे आहे त्यावर ठरवावं. इथे तिचा घुमट यकृताच्या पुढच्या पृष्ठभागावर उघडा आला होता, भिंतीत कॅल्शियम नव्हतं, व्हेना कावा (यकृतामागची मोठी शीर) दूर होती, म्हणून दुर्बीण. हीच सिस्ट मागे सातव्या सेगमेंटमध्ये खोल दडलेली असती, तर मी पोट उघडलं असतं. एक थेंबही न सांडता काम होणार नसेल, तर छोट्या छेदांचं कौतुक निरर्थक आहे. सांडलेल्या पाण्यातला प्रत्येक जिवंत प्रोटोस्कोलेक्स (कृमीच्या अळीचं सूक्ष्म डोकं) पोटात नवी सिस्ट उभी करू शकतो.

एक गोष्ट मात्र खटकत होती. अल्कलाइन फॉस्फटेज (पित्तमार्गात अडथळा आला की रक्तात वाढणारं एन्झाइम) थोडं वाढलेलं होतं. बिलिरुबिन नॉर्मल, एमआरसीपीत (पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये) पित्तनलिका फुगलेल्या नाहीत, सिस्टशी जोडलेली नळी दिसत नाही. तरीही एवढ्या मोठ्या सिस्टचा पित्तनलिकेशी बारीक संबंध नाही, असं एमआरसीपीच्या भरवशावर म्हणू नये.

आधी चार आठवडे अल्बेंडाझोल हे कृमिनाशक 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा, स्निग्ध जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी ते फारसं शोषलंच जात नाही. या काळात यकृताच्या तपासण्या आणि पांढऱ्या पेशींची संख्या बघत राहायची.

ऑपरेशनच्या दिवशी पोटात गॅस भरल्यावर, सिस्टला हात लावण्याआधी, भूलतज्ज्ञांनी श्वासमार्गातला दाब आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा मोठ्याने सांगितला. ही सवय फार मोलाची आहे. सिस्टचं पाणी रक्तात किंवा पोटात गेलं तर अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) होऊ शकतो. अंगावर चादरी असल्याने पुरळ दिसत नाही, आणि गॅसमुळे श्वासमार्गातला दाब आधीच चढलेला असतो. मूळ आकडा माहीत नसेल तर बदल ओळखायचा कशावरून? त्यावरचं औषध म्हणून पातळ केलेलं अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये तयार होतं.

टेबल डोक्याकडून वर, उजवी बाजू किंचित उचललेली, गॅसचा दाब 12 मिमी पारा, कॅमेरा 30 अंशांचा. सिस्टभोवती 20 टक्के मिठाच्या पाण्यात (इथलं जंतुनाशक हेच) भिजवलेल्या गॉजच्या पट्ट्या रचल्या: यकृताखाली, उजव्या कडेला, डायाफ्रामखाली. गॉज आत घालताना मोजायचा आणि बाहेर काढतानाही मोजायचा. सुई टोचण्याआधी सक्शनचं टोक तिच्या शेजारी चालू ठेवलं, कारण पहिली गळती सुईच्या कडेने होते. या सिस्टमध्ये दाब भरपूर असतो.

पोटाच्या भिंतीतून सरळ घुमटावर व्हेरेस सुई (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली लांब, पोकळ सुई). पहिल्या 50 मिलीच्या सिरिंजमध्ये स्वच्छ, नितळ पाणी. दुसरीतही तसंच. सहायक मिठाच्या पाण्याची सिरिंज हातात घेऊन उभा.

‘‘सर, पाणी नितळ आहे. औषध सोडू?’’

‘‘थांब. अजून काढ.’’

भरलेल्या सिस्टमधला दाब पित्तनलिकेतल्या दाबापेक्षा जास्त असतो, त्यामुळे भिंतीतलं बारीक तोंड दाबलेलं राहतं. दाब उतरला की पित्त आत झिरपू लागतं. म्हणून पहिल्या सिरिंजवर निर्णय घेऊ नये. इथे घुमट खाली बसला तेव्हा शेवटच्या सिरिंजमध्ये फिकट पिवळी रेघ उतरली.

मिठाचं पाणी बाजूला ठेवलं. त्या उघड्या तोंडातून ते पित्तनलिकांत गेलं असतं तर नलिका जळून आकसतात, आणि असा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस पुढे यकृत निकामी करू शकतो. पूर्वी सिस्टमध्ये सोडलं जाणारं फॉर्मॅलिन याच कारणाने मोडीत निघालं. शिवाय पोकळीत सोडलेलं औषध पिल्लू सिस्टच्या आत नीट पोचत नाही. तेव्हा आता सगळी भिस्त न सांडता बाहेर काढण्यावर.

घुमटावर अल्ट्रासॉनिक कात्रीने छोटं तोंड पाडून त्यातून 10 मिमीचं सक्शन थेट आत घातलं. 5 मिमीचं टोक इथे कुचकामी: पिल्लू सिस्टची साल अडकते, सक्शन बंद पडतं, आणि ते मोकळं करायला बाहेर काढलं की टोकावरचं पाणी पोटात ठिबकतं. दुसरी अडचण गॅसची. जोरदार सक्शनने पोटातला गॅसही ओढला जातो आणि पोट खाली बसून दिसेनासं होतं. म्हणून सक्शन थोडं थोडं, आणि गॅसचा प्रवाह वाढवून. कोइम्बतूरच्या डॉ. पलनिवेलू यांनी यासाठी बनवलेल्या रुंद ट्रोकारमध्ये (पोटाच्या छेदात बसवायच्या नळीत) सिस्ट सक्शननेच नळीच्या तोंडाला धरून ठेवली जाते. तो हाताशी असेल तर हे काम बरंच सुरक्षित होतं.

द्राक्षांसारख्या पिल्लू सिस्ट आल्या तशा ओढून घेतल्या. मोठ्या होत्या त्या न फोडता एंडोबॅगमध्ये, म्हणजे पोटात नेलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. मग आतला पांढरा, लिबलिबीत पडदा. तो चटकन फाटतो, म्हणून हलक्या हाताने पकडून पिशवीत भरायचा आणि पिशवीचं तोंड आवळूनच पोर्टमधून काढायची.

मग कॅमेरा पोकळीच्या आत नेला. कपारीत चिकटलेल्या दोन पिल्लू सिस्ट तिथेच सापडल्या. बाहेरून त्या दिसल्याच नसत्या. पोकळी साध्या सलाइनने धुऊन पांढरा कोरडा गॉज तळाशी दाबून ठेवला आणि पित्ताशय हलकेच दाबलं. गॉजवर हिरवट-पिवळा ठिपका उमटला, त्याच्या मागावर 2-3 मिमीचं तोंड सापडलं. 3-0 विरघळणाऱ्या धाग्याने आठच्या आकाराचा टाका घातला. सुई टणक तंतुमय भिंतीतूनच फिरवायची. त्यामागे रक्तवाहिनी असू शकते. टाका बसल्यावर गॅसचा दाब 8 वर आणून पुन्हा कोरडा गॉज ठेवला, कारण 12 च्या दाबाखाली बारीक गळती दबून राहू शकते. गॉज पांढरा राहिला.

यकृताबाहेर आलेला घुमट तेवढा कापला. त्यापुढे भिंतीमागे लागून आत जाण्यात मला कधी फायदा दिसलेला नाही: दाबल्या गेलेल्या नलिका आणि शिरा तिथेच असतात. कापलेल्या कडेवर अखंड टाका, पोकळीत ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पदर), शेजारी 24 फ्रेंच जाडीचा ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर काढणारी नळी.

दुसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये 70 मिली पित्त आलं. ताप नाही, कावीळ नाही, सोनोग्राफीत पाणी साचलेलं नाही. रोजचं प्रमाण उतरत होतं, म्हणून ईआरसीपीची (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर उपचार) घाई केली नाही. वाढलं असतं किंवा आठवड्याहून जास्त रेंगाळलं असतं, तर पित्तनलिकेच्या तोंडाचा स्फिंक्टर (आवळून ठेवणारा स्नायू) कापून स्टेंट, म्हणजे छोटी नळी, टाकला असता. पाचव्या दिवशी ड्रेन कोरडा झाला, सातव्या दिवशी काढला.

जंतुनाशक आत सोडता आलं नव्हतं, म्हणून अल्बेंडाझोल महिन्याऐवजी तीन महिने चालवलं. सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत जागेवर 3 सेमीची पोकळी दिसली आणि रिपोर्टवर ‘पुन्हा सिस्ट?’ असं लिहून आलं. उरलेली पोकळी महिनोन्महिने दिसू शकते. रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडीही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकतात, त्यावरून घाबरू नये. बघायचं ते आत नवी भिंत किंवा पिल्लू सिस्ट आहे का, आणि पोकळी आधीपेक्षा वाढते आहे का. इथे दोन्ही नव्हतं. बाईंना पाच वर्षं दरवर्षी सोनोग्राफीसाठी यायला सांगितलं आहे, आणि घरातल्या सगळ्यांचीही एकदा सोनोग्राफी करून घेतली आहे.