आजार नव्हता तेव्हा किती वेळा?

"आजार नव्हता तेव्हा दिवसातून किती वेळा शौचाला जायचात?" नव्या औषधाच्या ट्रायलच्या समन्वयक ताईंचा हा प्रश्न मला सगळ्यात जड गेला. अल्सरेटिव्ह कोलायटिसला, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याच्या या आजाराला, नऊ वर्षं झाली, त्याआधीचं पोट कुणाच्या लक्षात राहतंय? शेवटी आईला फोन लावला. "एकदा. तेही दार वाजवून बाहेर काढावं लागायचं," ती म्हणाली. फॉर्मवर एक लिहिलं.

पुढचं सगळं गणित त्या एकावर. आजार किती जोरात आहे ते मोजणाऱ्या मेयो स्कोअरमध्ये स्वतःच्या नेहमीपेक्षा एक-दोन वेळा जास्त झालं तर १ गुण, तीन-चार वेळा तर २, पाच किंवा अधिक तर ३. रक्ताचे वेगळे ३, दुर्बिणीत दिसणाऱ्या आतड्याचे वेगळे ३. या ट्रायलमध्ये घेण्यासाठी नऊपैकी निदान पाच हवे होते, आणि त्यात दुर्बिणीचे किमान दोन.

इन्फ्लिक्सिमॅब या आधीच्या औषधाने मला तीन वर्षं सावरलं, मग त्याचा गुण येईनासा झाला. ट्रायलमधलं हे नवं औषध टीएल१ए हे दाह वाढवणारं प्रथिन अडवतं. संमतीपत्र घरी नेऊन दोनदा वाचलं आणि एका परिच्छेदावर अडकले: पहिल्या टप्प्यात औषध लागू पडलं, तर कुणाला काय द्यायचं याची पुन्हा चिठ्ठी टाकणार, आणि त्यात प्लासिबोही, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोसही, येऊ शकतो.

"म्हणजे बरं वाटू लागल्यावर औषध काढून घेणार?"

"शक्य आहे," डॉक्टर म्हणाले. "सुधारणा औषधामुळेच टिकते का, हे त्याशिवाय कळायचं कसं? बिघडलं तर औषध परत सुरू करतात. आणि तुम्ही कधीही बाहेर पडू शकता."

पटलं, पण आवडलं नाही. अजूनही आवडलेलं नाही. तरी सही केली.

टीबीची रक्तचाचणी, छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस, शौचाचा नमुना हे सगळं दोन फेऱ्यांत उरकलं. खरी परीक्षा रोज रात्री फोनवर भरायच्या डायरीची. इतकी वर्षं कुणी विचारलं की "बरंय" म्हणायची सवय, आता एकेक फेरी मोजायची. नुसतं रक्त किंवा आव पडली तरी मोजायची, काहीच न होता उठलं तर नाही. दुर्बिणीच्या तपासणीआधी पोट साफ करायचं औषध घेतलेला दिवस हिशेबात धरत नाहीत, नाहीतर त्या दिवशी मी विक्रमच केला असता.

दुर्बिणीच्या तपासणीत आमच्या डॉक्टरांनी दोन गुण दिले. पण तो व्हिडिओ बाहेरच्या तज्ज्ञाकडे जातो, त्याला रुग्ण कोण ते माहीत नसतं. त्याने एकच दिला. गुण जुळले नाहीत की तिसरा बघतो. ते पाच दिवस आतडं पुरेसं वाईट निघावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. आई फोनवर म्हणाली, "काय मागतेयस, तुझं तुला तरी कळतंय का?"

तिसऱ्याने दोन दिले.

पहिल्या डोसच्या दिवशी सलाईनच्या पिशवीवर गडद आवरण होतं. आत औषध आहे की नुसतं पाणी, नर्सलाही ठाऊक नव्हतं. रात्री नऊला फोन वाजला. आज किती वेळा? सहा. रक्त? हो.