शिवराई नाणी जपताना: माझा अनुभव

आजोबांनी जमवलेली ४३ शिवराई नाणी वडिलांकडून माझ्याकडे आली, ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडले जाणारे हे तांब्याचे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात होते, आणि आमच्याकडची बहुतेक नाणी त्या उत्तरकाळातली, दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली आहेत. रत्नागिरीच्या घरी दिवाणखान्यात ती येणाऱ्याला दिसावीत, एवढाच माझा हेतू होता. तो पुरा व्हायला दोन पावसाळे गेले.

पहिली चूक घरातलीच. दिवाळीत आई देव्हाऱ्यातली भांडी घासत होती, तेव्हा चार काळपट नाणीही चिंच-मिठाने घासून काढायला मीच तिला सांगितले. नाणी लखलखली खरी, पण तांब्यावर वर्षानुवर्षे बसलेला जो तपकिरी थर खालच्या धातूचे रक्षण करतो, तोच निघून गेला, आणि अक्षरांच्या खाचांत मिठाचा अंश राहिला. पुढच्या पावसाळ्यात त्यांतल्या दोन नाण्यांवर फिकट हिरव्या, पिठासारख्या पुळ्या आल्या. मिठातील क्लोराइड आणि हवेतील ओल यांच्या संयोगाने आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते आणि हे चक्र आपोआप चालू राहते. ती दोन नाणी मी तातडीने वेगळी काढली आणि मुंबईतील एका संवर्धकाकडे दिली. घरगुती उपायांची हौस तोपर्यंत फिटली होती.

बाकीची नाणी बाजारातून आणलेल्या अल्बममध्ये घातली, तर त्याच्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या कप्प्यांनी त्यांच्यावर हिरवट चिकट लेप धरला. हा लेप शुद्ध ॲसिटोनमध्ये विरघळतो आणि ॲसिटोन तांब्याला इजा करत नाही. मात्र ते अत्यंत ज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवून, देवघरातले निरांजनही विझवून, काचेच्या वाटीत मी हे काम केले. नखांचा रंग काढायच्या ॲसिटोनच्या द्रवात सुगंध आणि तेलेही असतात, म्हणून तो वापरला नाही.

खरी अडचण मांडणीची होती. मखमलीवर ठेवलेल्या नाण्याची एकच बाजू दिसते, आणि शिवराईची गंमत अशी, की एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असते. म्हणून ॲक्रिलिकचे तीन पत्रे घेतले, मधल्या पत्र्याला नाण्यांच्या मापाची १२ भोके पाडून घेतली आणि कापल्याचा वास पूर्ण जाईपर्यंत ते पत्रे आठवडाभर उघड्यावर ठेवले. ही चौकट उभ्या पायावर ठेवली आहे, त्यामुळे मागे जाऊन दुसरी बाजूही पाहता येते. ऊन जिथे पोचत नाही, असा कोपरा तिच्यासाठी निवडला. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो एका वहीत आहेत.

उरलेली नाणी घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहेत. आत छोटा आर्द्रतामापक आहे, आणि आकडा ४० टक्क्यांच्या वर जाऊ लागला की पुड्या बदलतो. पुड्यांतले नारिंगी दाणे हिरवे झाले, की ते ओलीने भरले हेही कळते. असे दाणे वाळवले की पुन्हा वापरता येतात.

मध्यंतरी परदेशी राहणाऱ्या चुलतभावाने दोन नाणी मागितली. १०० वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्यामुळे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून त्याला वहीतले फोटोच पाठवले.

चौकटीत मात्र ओल रोखता येत नाही, हे जुलैतल्या आकड्यांनी दाखवून दिले. त्यामुळे मृग लागला की ती १२ नाणीही डब्यात जातात, रिकाम्या भोकांमागे त्यांचे फोटो लावतो आणि दसऱ्याला नाणी पुन्हा बाहेर काढतो.