सी ड्राइव्ह अखेर आकसला, पण अडवणारा भलताच निघाला

मंडळी, १०० जीबी सुटले! सी ड्राइव्ह २९० वरून १९० वर आलाय, विंडोज सुरळीत चालू होतंय, त्याच मशीनवरचं मिंट (लिनक्स) सुद्धा. मागच्या वेळी, सी लहान करून जागा मिंटला द्यायचीय असं सांगितलं तेव्हा, "कशाला डोकं फोडतोस, सगळं उडव आणि नव्याने टाक" म्हणणाऱ्यांना सप्रेम नमस्कार.

मांडणी ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी: ४८० जीबीची साटा एसएसडी (विंडोजच्या हिशेबात ४४७), पार्टिशन टेबल (कोणता भाग कुठून कुठे याची नोंद) जीपीटी पद्धतीचं. डावीकडून ईएफआय (बूटचा भाग) १०० एमबी, एमएसआर (विंडोजने राखलेला) १६ एमबी, सी २९०, रिकव्हरी (विंडोज दुरुस्तीचा भाग) जेमतेम अर्धा जीबी, मिंटचं रूट (मुख्य पार्टिशन) ४०, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) ८ आणि उरलेला डी. रूट इतकं भरलं होतं की अपडेट टाकायच्या आधी जुने कर्नल (लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) शोधून काढावे लागायचे. शेजारी सी मात्र निम्मा रिकामा. त्यातले १०० जीबी काढायचे, एवढंच काम.

डिस्क मॅनेजमेंटमधल्या श्रिंक व्हॉल्यूमने (पार्टिशन लहान करायची सोय) सुरुवातीला ९ जीबी देऊ केले, १५० रिकामे असताना. इथपर्यंत मागे सांगितलं होतं. तिथून पुढे.

पहिली गोष्ट, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा. ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाचा इव्हेंट शोधा, सोर्स डिफ्रॅग. श्रिंकचा डबा नुसता उघडला तरी तो नोंदला जातो आणि त्यात चक्क लिहिलेलं असतं की कोणत्या फाइलने वाट अडवलीय आणि तिचा शेवटचा क्लस्टर (जागावाटपाचा सगळ्यात लहान तुकडा, माझ्याकडे ४ केबीचा) कितवा. क्लस्टरचा आकडा हेक्समध्ये (१६ च्या पायात) असतो. माझा दशमानात ७ कोटी ३६ लाखांच्या आसपास आला. ४ केबीने गुणलं की २८१ जीबी. म्हणजे त्या फाइलची शेपटी २८१ व्या जीबीवर, तिच्यापुढची जागा तेवढी सुटणार. २९० वजा २८१, ते ९ जीबी हेच. आकडा असा तंतोतंत जुळला की निम्मा राग तिथेच जातो.

मग एकेक हटवत गेलो. पॉवरसीएफजी /एच ऑफ केल्यावर हायबरनेटची फाइल, हायबरफिल, गेली. पेजफाइल (विंडोजचं स्वॅप) बंद करून रीस्टार्ट. सिस्टिम प्रोटेक्शन बंद, रिस्टोअर पॉइंट साफ. आकडा ३८ वर. पुन्हा २५९ बघितला तर आता यूएसएन जर्नल (फाइलींतल्या बदलांची नोंद). एफएसयूटिल कमांडने तेही उडवलं (विंडोज पुन्हा बनवतं, घाबरू नका). आकडा ४४. आणि तिथे जो अडकला तो अडकला, कारण पुढच्या नोंदीत नाव आलं डॉलर-एमएफटीचं.

एमएफटी म्हणजे एनटीएफएसच्या (विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या) तलाठ्याचं दप्तर. प्रत्येक फाइलची त्यात साधारण १ केबीची नोंद. फाइल काढली की नोंद नव्या फाइलसाठी मोकळी होते, पण दप्तर काही पातळ होत नाही. फॉरमॅट करताना विंडोज ते सहसा पार्टिशनच्या सुरुवातीपासून ३ जीबीच्या आसपास मांडतं, पण फाइली लाखांत गेल्या की पुढचे तुकडे मिळेल तिथे पडतात. माझ्याकडे पूर्वी फोनचे बॅकअप सीवरच उतरायचे. हजारो चिमुकल्या थंबनेल फाइली आल्या आणि गेल्या, त्यांच्या नोंदींचा तुकडा २४६ व्या जीबीवर राहिला. श्रिंक त्याला हात लावत नाही. चालू विंडोजच्या पोटात बसून काम करायचं म्हटल्यावर इतकं जपून वागणं मला मान्य आहे, पण माझी गाडी ४४ वरच.

इथे एक पैसे घेणारं पार्टिशन टूल वापरून पाहिलं, नाव घेत नाही. स्लायडर ओढला, रंगीत पट्ट्या सरकल्या, सगळं मनासारखं दिसलं, अप्लाय दाबलं आणि "ही सोय प्रो आवृत्तीत". अरे, मग पट्ट्या ओढू कशाला देता?

तर जीपार्टेड, पेनड्राइव्हवरून बूट करून चालणारं फुकट पार्टिशन टूल. विंडोज बंद असल्यावर एमएफटी हलवायला कोण अडवणार? त्याच्या आतून जे एनटीएफएसरिसाइझ चालतं ते एमएफटीचे तुकडेही उचलून दुसरीकडे ठेवतं. पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (ठेवलेल्या आयएसओ थेट बूट करून देणारं टूल) आहेच. आयएसओ (बूट डिस्कची एक-फाइल प्रत) नुसती कॉपी करून टाकायची, दर वेळी पेनड्राइव्ह नव्याने भाजायची कटकट नाही. व्हेंटॉयशिवाय हा छंद मी कसा करत होतो, आठवत नाही. आधी क्लोनझिलाने सीची इमेज (जशीच्या तशी प्रत) बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि एसजीडिस्कने पार्टिशन टेबलाची प्रत काढली. ती प्रत काही केबींची असते, मोबाइलमध्येही ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) बंद असल्याची खात्रीही करून घेतली. ते चालू असेल तर जीपार्टेडला आतलं काही हलवता येत नाही, आणि हल्लीच्या नव्या लॅपटॉपवर ते तुम्हाला न विचारता चालू असू शकतं.

गुरुवार टाळला. दुरुस्तीसाठी वीज जाते त्या दिवशी, पुण्यातल्यांना सांगायला नको.

अप्लाय. जीपार्टेड आधी कोरडी चाचणी घेतं, काही न लिहिता. ती पहिल्याच पायरीवर लाल. तपशील उघडला तर तारांकनांच्या चौकटीत मोठी सूचना: डिस्कवर बॅड सेक्टर आहेत, पृष्ठभागाला इजा झालेली आहे, तातडीने पूर्ण बॅकअप घ्या.

नवी कोरी म्हणता येणार नाही, पण धडधाकट एसएसडी. पोटात गोळा. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलने पाहिलं तर रिअलोकेटेड (बदललेले सेक्टर) शून्य, अनकरेक्टेबल (दुरुस्त न होणाऱ्या चुका) शून्य. लांबलचक स्व-चाचणी लावली, तीही पास. डीडी कमांडने अख्खं एसडीए३ (म्हणजे सी) शेवटपर्यंत वाचून काढलं, एक एरर नाही. केबल बदलली, पोर्ट बदललं. चाचणी पुन्हा लाल. डिस्क सांगते मी ठणठणीत, एनटीएफएसरिसाइझ सांगतं तू आजारी. या एका चौकटीने मला सगळ्यात जास्त छळलं. प्रत्येक वेळी तेच वाक्य, तीच तारांकनं.

गाठ सुटली ती विंडोजच्या डिस्क-तपासणीच्या, म्हणजे चेकडिस्कच्या, अहवालात. विंडोजमध्ये येऊन नुसतं वाचण्यापुरतं चेकडिस्क चालवलं (कोणताही स्विच न देता) आणि शेवटच्या आकडेवारीत एक ओळ होती: १२ केबी इन बॅड सेक्टर्स. १२ केबी म्हणजे ४ केबीचे बरोब्बर ३ क्लस्टर. डिस्कच्या सगळ्या चाचण्या स्वच्छ असताना हे ३ आले कुठून?

आणि मग ट्यूब पेटली. ही सी मुळात या एसएसडीवर जन्मलेलीच नाही! ती जुन्या ५०० जीबीच्या फिरत्या डिस्कवरून क्लोन होऊन आलीय, त्या टकटक वाजणाऱ्या. खराब क्लस्टरची यादी एनटीएफएस स्वतःच्याच एका लपलेल्या फाइलमध्ये ठेवतं, डॉलर-बॅडक्लस. क्लोन करताना फाइल सिस्टिमबरोबर ती यादीही जशीच्या तशी आली. त्या डिस्कच्या तबकडीवरचे ३ डाग इथे एसएसडीवर कागदोपत्री जिवंत! डिस्क खरं बोलत होती, एनटीएफएसरिसाइझही खरं बोलत होतं. फक्त ते ज्या यादीबद्दल बोलत होतं ती दुसऱ्याच डिस्कची.

यावर दोन वाटा. एनटीएफएसरिसाइझला बॅड-सेक्टर्सचा पर्याय देऊन "असू देत, तू चाल पुढे" म्हणता येतं. पण जीपार्टेडच्या खिडकीतून तो पर्याय देता येत नाही. टर्मिनलमधून फाइल सिस्टिम आकसायची आणि मग पार्टिशनची हद्द सेक्टर मोजून हाताने आणायची. हद्द फाइल सिस्टिमच्या अलीकडे पडली तर सीचं शेपूट कापलं गेलं. मला हाताने सेक्टर मोजायला आवडतं, पण रिकाम्या डिस्कवर.

दुसरी वाट चेकडिस्क /बी. /एफ आणि /आर सगळ्यांना पाठ असतात, /बी कुणी वापरत नाही. हा फक्त एनटीएफएसवर चालतो: खराब क्लस्टरची जुनी यादी पुसतो आणि भरलेले, रिकामे सगळे क्लस्टर नव्याने तपासतो. इमेज नव्या डिस्कवर उतरवल्यानंतर हेच चालवा असं मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत लिहिलेलंही आहे. कोण वाचतो?

रीस्टार्टला लावलं. चौथ्या आणि पाचव्या टप्प्यात टक्का इतका सावकाश हलतो की मशीन गोठलं असं वाटतं. बटणाला हात लावू नका, उठून जेवून या. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विनइनिट या सोर्सची १००१ क्रमांकाची नोंद उघडली: ० केबी इन बॅड सेक्टर्स. त्या शून्याचा स्क्रीनशॉट काढलाय. हसा.

पूर्ण बंद करून (हायबरनेट आधीच बंद असल्याने फास्ट स्टार्टअपचा प्रश्न नव्हता) पुन्हा जीपार्टेड. कोरडी चाचणी हिरवी. खरं आकसणं सुरू, पडद्यावर ओळी: आवश्यक डेटा हलवतोय, बॅडक्लस्ट अद्ययावत करतोय, बिटमॅप, बूट रेकॉर्ड. चहा होईस्तोवर संपलं. ज्या कामासाठी इतका आटापिटा केला ते एवढंसं.

एक सूचना. आकसून झाल्यावर लगेच दुसरा बदल करायला जाल तर "व्हॉल्यूम तपासणीसाठी लावलेला आहे" म्हणून नकार येईल. एनटीएफएसरिसाइझ मुद्दाम तशी खूण करून ठेवतं. विंडोज एकदा चालू करा, चेकडिस्क होऊ द्या, पुन्हा रीस्टार्ट करा, मग पुढचं. यात विंडोजची काही खोड नाही. पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन परत चालू करायला विसरू नका.

आता १०० जीबीची मोकळी पट्टी सीच्या उजवीकडे, रिकव्हरीच्या डावीकडे. आधीचा बेत होता रिकव्हरी डावीकडे सरकवायची आणि रूटची सुरुवात मागे खेचायची. तो रद्द. उजवीकडे वाढवणं ही नुसती हद्द बदलण्याची गोष्ट, पण सुरुवात डावीकडे न्यायची म्हणजे प्रत्येक ब्लॉक उचलून दुसरीकडे लिहिणं. अर्ध्यात वीज गेली तर अर्धं रूट इथे, अर्धं तिथे, आणि माझा यूपीएस मॉनिटर धरून काही मिनिटांचा सोबती. त्यापेक्षा पट्टीतच नवं ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) केलं आणि होम (माझ्या फाइलींचा फोल्डर) तिकडे नेलं. आरसिंकने प्रत, एफएसटॅबमध्ये (बूटला काय जोडायचं त्या यादीत) यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक), रीबूट, संपलं. रूटला श्वास घ्यायला जागा झाली. ट्यून२एफएसने होमवरचे राखीव ब्लॉक ५ टक्क्यांवरून १ वर आणले. १०० जीबीच्या होमवर रूट वापरकर्त्यासाठी (ॲडमिनसाठी) ५ जीबी राखून ठेवण्यात काही अर्थ नाही.

पट्टी पूर्ण वापरली नाही, रिकव्हरीला लागून १ जीबी मोकळी सोडलीय. जानेवारी २०२४ चा केबी५०३४४४१ अपडेट आठवतोय ना, रिकव्हरी लहान म्हणून अनेकांकडे अडलेला? त्यात २५० एमबी वाढवा असं सांगितलं होतं. जागा हाताशी असलेली बरी.

हे लिहितानाच सुचलं: रूटच्या उजवीकडे काय आहे? स्वॅप! ८ जीबी, आणि मी हायबरनेट कधीच करत नाही. ते काढून स्वॅपफाइल केली तर रूट उजवीकडे वाढेल, तेही चालू असताना, ईएक्सटी४ला त्यासाठी अनमाउंटही लागत नाही.

…थांबा, करूनच आलो. स्वॅपऑफ, पार्टिशन डिलीट, जीपार्टेडमध्ये रूट ओढून ४८, आणि ४ जीबीची स्वॅपफाइल. सगळं मिंटमध्ये बसूनच. फक्त पुढच्या बूटला मशीन अर्धा मिनिट काळ्या पडद्यावर थांबलं आणि "रिझ्यूम डिव्हाइसची वाट बघणं सोडून दिलं" अशा अर्थाची ओळ आली. बूटची सुरुवातीची तयारी करणाऱ्या इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी मध्ये रिझ्यूम नावाची फाइल असते, तिच्यात मेलेल्या स्वॅपचा यूयूआयडी. तिथे रिझ्यूम=नन लिहिलं, अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवलं, बूट पुन्हा झटपट.

आता रिकव्हरी. तिला सरकवणार नाही. रीएजंटसीने बंद करायची, डिस्कपार्टमधून काढायची आणि शेजारचा १ जीबी धरून मोठी बनवायची, जीपीटीचा टाइप आयडी आणि ॲट्रिब्यूट हाताने देऊन. पण इंस्टॉलरची ताजी आयएसओ व्हेंटॉयवर आल्याशिवाय हात लावत नाही. कुणी ॲट्रिब्यूट न देता केलं असेल तर सांगा. माझ्या समजुतीप्रमाणे मग विंडोज त्या पार्टिशनला ड्राइव्ह लेटर देऊन मोकळं होतं, आणि घरातलं कुणीतरी त्यात फोटो टाकतं.