नऊ नंबरचा पोरगा कडेला का जातो

फुटबॉलपटू अनिकेत जाधववर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. तो कोल्हापूरचा, मी सांगलीचा. मध्ये जेमतेम तासा-दीड तासाचा रस्ता, पण फुटबॉलचं म्हणाल तर दोन्ही गावांत जमीन-अस्मानाचा फरक. तिकडं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा असे तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ उतरते. आमच्याकडं पोरगा जरा अंगानं भरला की घरचे त्याला कुस्तीला घालतात, नाहीतर क्रिकेटला. स्मृती मानधना मोठी झाल्यापासून मुलींच्या हातातही बॅट आली, हे फार चांगलं झालं. फुटबॉल मात्र पीटीच्या तासापुरता. तो तास मी घेतो.

२०१७ साली शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले आणि १५ सप्टेंबरला सगळ्या महाराष्ट्रात पोरं एकाच दिवशी मैदानात उतरली. तीन आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारत अमेरिकेविरुद्ध खेळला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला सामना, आणि संघात नऊ नंबर, म्हणजे मधे सगळ्यात पुढं खेळणारा स्ट्रायकर, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला.

आपण ३-० हरलो. पोरांनी दुसऱ्या दिवशी मैदानावर मला एकच विचारलं, "सर, त्याला बॉलच देत नव्हते की!" बरोबर पाहिलं होतं त्यांनी. संघ सगळा मागं बचावाला गेला की स्ट्रायकर पुढं एकटा पडतो. मागून येतो तो पास नसतो, जीव वाचवायला उडवलेला बॉल असतो. पाठ गोलकडं, अंगावर दोन धिप्पाड बचावपटू, आणि जवळचा साथीदार अजून धावत येतोय. तेवढ्यात बॉल धरून ठेवायचा, फाऊल काढायचा, किंवा निदान समोरच्याला तो सुखासुखी खेळू द्यायचा नाही. गोलफलकावर यातलं काही दिसत नाही. त्या स्पर्धेत भारतानं तीन सामन्यांत ९ गोल खाल्ले आणि एक केला. तो एक कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवर हेडर मारून जॅक्सन सिंगनं केला, आणि जॅक्सन मधल्या फळीतला. स्ट्रायकरच्या नावापुढं शून्य राहिलं. तेवढ्यावर लोकांनी मत बनवलं.

हीच पोरं मग इंडियन ॲरोज या तरुणांच्या संघातून आय-लीग या देशातल्या क्लबांच्या स्पर्धेत मोठ्या माणसांविरुद्ध उतरली. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. मला त्या दोन गोलांचं अजून अप्रूप आहे. महिन्याभरापूर्वी ज्याला बॉल मिळत नव्हता, त्याला मिळाल्यावर काय होतं ते त्यानं दाखवून दिलं.

पुढं जमशेदपूरचा क्लब. २०१९ मध्ये तिथूनच इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं सरावाला जायची संधी मिळाली. तो क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीजकडं आहे. आपण ज्यांना कोंबड्यांमुळं ओळखतो, ते वेंकीज. तिथली थंडी, तिथला वेग, आणि ओळखीचं कुणी नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला एवढं पुष्कळ झालं.

आता मुद्द्याचं. २०२१-२२ मध्ये तो हैदराबादकडून खेळला आणि त्याच हंगामात हैदराबादनं आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली. फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून. पण अनिकेत तिथं बहुतेक वेळा कडेनं खेळला, कारण मधे बार्थोलोम्यू ओगबेचे होता. नायजेरियाचा, वय पस्तिशीच्या पुढं, आणि त्या हंगामात १८ गोल. ईस्ट बंगालला ४-० हरवलं त्या सामन्यात ओगबेचेचे तीन आणि चौथा अनिकेतचा.

सांगा, कुठला प्रशिक्षक ओगबेचेला बसवून एकवीस वर्षांच्या पोराला मधे घालेल? मीही घातला नसता. त्या हंगामापासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू ठेवता येत होते, आधी पाच असायचे. तरी चारातली एक जागा क्लब हमखास स्ट्रायकरसाठी राखतात, कारण गोल विकत घ्यायची ती सगळ्यात खात्रीची वाट. मग आपली वेगवान पोरं रेषेला चिकटतात. खुद्द सुनील छेत्री बेंगळुरूकडून परदेशी स्ट्रायकर मिकू मधे असताना डावीकडून खेळायचा. छेत्री तिथूनही गोल करत राहिला, पण सगळेच छेत्री नसतात.

म्हणून "स्ट्रायकर म्हणून वाया गेला" असं कुणी अनिकेतबद्दल बोललं की मला राग येतो. त्याची जागा गेली, त्याचं कसब नाही. कडेला गेलेल्या स्ट्रायकरला नव्या सवयी लावून घ्याव्या लागतात. आधी आपल्या बचावपटूच्या मदतीला मागं पळायचं, मग क्रॉस, मग शेवटी स्वतःचा गोल. वर्षभर हे केल्यावर पेटीत, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, शिरायची ती अर्ध्या सेकंदाची ओढ बोथट होते. सामन्याशिवाय ती टिकत नाही, कितीही सराव करा. २०२४ मध्ये छेत्री देशाच्या संघातून निवृत्त झाला आणि २०२५ च्या मार्चमध्ये, चाळिशीत, त्याला परत यावं लागलं. त्याची जागा घ्यायला मधे खेळून तयार झालेला कुणी नव्हता, हे त्यामागचं मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि ही सवय क्लबांपासून सुरू होत नाही, आम्हा शाळेच्या सरांपासून होते. शालेय स्पर्धेत एक सामना हरला की घरी. मग आम्ही काय करतो, तर सगळ्यात उंच आणि दांडगा पोरगा पुढं उभा करतो, त्याच्याकडं लांब बॉल मारतो, आणि ज्याला खरोखर पेटीतलं कळतं तो बारका पोरगा कडेला. मागच्या वर्षी अशाच एका पोराचे वडील आले होते. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हमाली करतात, काम टाकून आले होते. म्हणाले, "सर, पोरगं घरात बोलंना झालंय. त्याला कडंला का टाकलाय?" मी त्यांना बसवलं आणि अनिकेत, ओगबेचे, छेत्री, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आपल्या शाळेत परदेशी कोण हाय?"

यंदा सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेरीत मधे तोच खेळणार आहे. उंच पोराला मी बचावात घेतलंय. त्याला ते पसंत नाही, रोज कुरकुर चालू आहे, त्याच्याशीही बोलायचंय. पहिल्या सामन्यात गोल नाही झाला तरी बारक्याला बदलायचा नाही, एवढं मी मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलंय.