क्यूब आत आला की आधी रजिस्टर

२००६च्या जूनमध्ये कराडला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची बांधकाम साहित्य तपासणीची लॅब सुरू झाली. तेव्हा आमच्याकडे काँक्रीट दाबून फोडायचं, हातपंपावर चालणारं, १००० किलोन्यूटनपर्यंत भार देणारं जुनं मशीन, पाण्याची एक टाकी आणि मामा, एवढंच होतं. मशीन एका बंद पडलेल्या लॅबमधून आणलं. मामाही तिथलेच, मशीनबरोबरच आले म्हणा ना. मी सिव्हिलची डिग्री घेऊन चार वर्षं एका सल्लागाराकडे ड्रॉइंग काढत होते. क्यूब कधी स्वतः फोडला नव्हता. ते मामांनी शिकवलं.

क्यूब म्हणजे काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा ठोकळा, वजनाला सव्वाआठ किलोच्या आसपास. स्लॅब किंवा कॉलम भरताना त्याच मालातून हे ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि तीन ७ दिवसांनी, तीन २८ दिवसांनी फोडायचे. माल एम-२५चा, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकदीचा, असेल तर २८ दिवसांच्या क्यूबने ५६२ किलोन्यूटनपर्यंत तरी तग धरायला हवा. मामा सांगायचे, "बाई, पंप दमानं मारायचा. जोरात मारला की आकडा फुगतो." खरंच आहे ते. भार घाईने चढवला तर काँक्रीट आहे त्याहून भक्कम दिसतं, म्हणून तर मिनिटाला किती भार चढवायचा हे आयएस ५१६ या भारतीय मानकात ठरवून दिलंय. या धंद्यात लबाडी करायला खोटा आकडा लिहावाच लागतो असं नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं.

७ दिवसांच्या क्यूबवर २८चा रिपोर्ट मागणारे, "बिल अडकलंय मॅडम" म्हणून दारात बसणारे, टक्क्याबद्दल आडून आडून विचारणारे तर रोजचेच. त्यांना नाही म्हणायला फार विचार करावा लागला नाही. मी अडले ते वेगळ्याच ठिकाणी.

२००९ साली पाटणच्या बाजूच्या एका वाडीत शाळेच्या दोन खोल्यांचं काम चाललं होतं. ठेकेदार आमच्या मिस्टरांच्या वर्गातला, मला वहिनी म्हणायचा. पहिल्या दोन वर्षांत लॅबला जी कामं मिळाली त्यातली निम्मी त्याच्या शब्दावर. त्याचे एम-२५चे तीन क्यूब फोडले. भार आला ३८२, ३९१ आणि ३७४ किलोन्यूटन, म्हणजे सरासरी १७. मी त्याला फोन केला. तो तासाभरात आला.

"वहिनी, मिक्सरवाल्यानं त्या दिवशी पाणी जास्त मारलं. एवढ्या तिघांचाच घोळ आहे. हा रिपोर्ट काढूच नका, दुसरे क्यूब आणून देतो. दोन्हीचे पैसे घ्या."

त्याने खोटा आकडा मागितला नव्हता. काम त्याने दिलेलं, फी त्याची, त्यामुळे निकालही त्याचाच, तो दुसऱ्या कोणाला कळवणं मला शोभलं नसतं. असं सगळं मी स्वतःला समजावलं आणि म्हटलं, "बरं." रीडिंगचा कागद मामांनी फाडला. दोन दिवसांनी दुसरे तीन क्यूब आले. त्यांच्यावर तारीख तीच कोरलेली, पण रंग गडद आणि वजन साडेआठच्या पुढे, म्हणजे माल उघडच दुसरा. ते ३६ला फुटले. रिपोर्ट काढला, सही केली. त्या रिपोर्टमध्ये एकही शब्द खोटा नव्हता.

आमच्या सासूबाई पाटणच्या. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या अंगणात धावल्या होत्या. दर डिसेंबरात त्यांच्या तोंडून ती गोष्ट निघतेच. पूर्वी मी ती एका कानाने ऐकायचे. त्या वर्षी मध्येच उठून आत गेले.

तरी दीड वर्ष काही केलं नाही, हेही लिहायला हवं. मग एका रविवारी पाटणहून परतताना गाडी त्या वाडीकडे वळवली. मुख्याध्यापकांना विचारून रिबाउंड हॅमरने, म्हणजे काँक्रीटवर आपटून किती उसळतो त्यावरून ताकदीचा अंदाज देणाऱ्या हातोड्याने, कॉलम तपासले. रीडिंग कुठे बरं, कुठे अगदीच पडलेलं. हॅमर वरवरचं सांगतो, त्यावर निकाल देता येत नाही. मी ठेकेदाराला फोन करून सांगितलं, "रीतसर परवानगी काढून कोअर काढू, खर्च माझा. नाहीतर मी उपअभियंत्यांना काय झालं ते लिहून देते." बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काढा."

तीन कोअर, म्हणजे तयार काँक्रीटमधून ड्रिलने कापलेले गोल तुकडे, काढले. निकाल आले २४.१, २१.६ आणि १९.८, सरासरी २१.८. आयएस ४५६ प्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम-२५ला ते आकडे होतात २१.२५ आणि १८.७५. म्हणजे नियमाने शाळा पास! ठेकेदाराने साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा बॉक्स पाठवला आणि आमच्याकडचं काम बंद केलं. 'त्या लॅबमध्ये क्यूब उगाच फेल करतात' अशी हवा झाली. पुढचे आठ महिने आमचे फार वाईट गेले. पगार पतसंस्थेच्या कर्जातून दिले. आणि मी घाबरले ते बरोबर होतं की नव्हतं, याचं उत्तर त्या २१.८ मधून मला अजून काढता आलेलं नाही.

२०१२च्या दिवाळीनंतर टाकी साफ करताना त्यात सहा क्यूब सापडले. रजिस्टरप्रमाणे ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच फुटलेले! मामा त्या दिवशी गावी गेले होते. परत येऊन त्यांनी अंदाजाने आकडे भरले होते, तेही अनुभवी माणसाचे, अगदी पटण्यासारखे. माझा आवाज चढला. चार टेबलांवरची पोरं बघत होती. मामा शांतपणे म्हणाले, "बाई, त्या शाळेचा कागद माझ्याच हातानं फाडलाय मी."

त्यावर मी काय बोलणार होते?

मामांना काढलं नाही. चुकलेले रिपोर्ट मागे घेतले, दोन ग्राहकांना समोर बसून कारण सांगितलं. त्यातला एक पुन्हा आला नाही. त्या आठवड्यातच नियम केला: क्यूब आत आला की आधी रजिस्टरमध्ये शाईने नंबर, मग टाकी. नंबर पडला की निकाल खोडता येत नाही, मालकिणीलाही नाही. पुढे एनएबीएल या लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घेताना हे सगळं त्यांच्या नियमांत होतंच, आम्हाला फक्त कागद लावायचे होते. आज २००० किलोन्यूटनचं मशीन आहे, ते स्वतःच भाराची नोंद ठेवतं, कामाला अकरा जण आहेत. मामा २०१७ला निवृत्त झाले, अजून गुरुवारी चहाला येतात.

आता शक्य तिथे आमची पोरं साइटवर जाऊन क्यूब स्वतः भरतात. त्याचे जास्तीचे पैसे सगळे देत नाहीत, त्यामुळे ठेकेदाराच्या टेम्पोतून येणारे क्यूबही आम्ही घेतो. ते घेणं बंद केलं तर शेडचं भाडं निघणार नाही. मागच्या बुधवारी असेच तीन आले. एम-२०चे म्हणून सांगितलेले, गडद रंगाचे, साडेआठ किलोंचे. ४१ला फुटले. नवीन मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला रिपोर्टवर नेहमीची ओळ घालायला सांगितली, 'निकाल ग्राहकाने आणून दिलेल्या नमुन्यापुरता', आणि सही केली.

ती साइट कुठे आहे ते मला माहीत आहे. हॅमर गाडीतच असतो.