तिच्या नोकरीचं काय, हे सहीच्या आधी विचारा

मी ग्लोबल मोबिलिटीत आहे. कंपनीतल्या माणसाची परदेशात बदली झाली की व्हिसा, घर, मुलांची शाळा, सामानाचा कंटेनर, सगळं आमच्या टीमकडे येतं. बरंचसं काम व्हेंडर करतात, आम्ही त्यांच्या मागे लागतो. पण जोडीदाराच्या नोकरीचा विषय कुठल्याच पॅकेजमध्ये धड नसतो, असला तर सीव्ही लिहायची एक कार्यशाळा आणि थोडे भाषेचे क्लास.

ही केस सिंगापूरची. आमच्या एका कर्मचाऱ्याने ऑफरवर सही केलेली, घरं बघायच्या तारखा ठरलेल्या, आणि बायकोसोबतचा कॉल आमच्या चेकलिस्टमध्ये पार तळाला. ती स्ट्रक्चरल इंजिनियर, पुलांची डिझाइनं करणारी. कॉलवर तिने सुरुवातच केली, "मॅडम, राजीनामा लिहून ठेवलाय, संध्याकाळी पाठवते. तिथे डिपेंडंट पास आला की लेटर ऑफ कन्सेंट काढून नोकरी करता येते ना?" डिपेंडंट पास म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराला तिथे राहायला मिळणारा परवाना, आणि लेटर ऑफ कन्सेंट म्हणजे त्यावर काम करायची सरकारी परवानगी. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? तर तिथल्या ऑफिसच्या मॅनेजरने, कारण त्याची बायको आली तेव्हा तिने तसंच केलं होतं.

त्याच्या वेळी ते खरंच होतं. पण १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर आलेल्या माणसाला नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो, लेटर ऑफ कन्सेंट आता फक्त स्वतःचा धंदा काढणाऱ्यांसाठी, त्यालाही अटी. एवढी मोठी गोष्ट त्या मॅनेजरला माहीत नव्हती याचा मला राग नाही, माहीत नसताना इतक्या ठामपणे सांगितली याचा आहे.

मग एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे तिच्यासारख्यांना लागणाऱ्या वर्क पासचं गणित. सप्टेंबर २०२३ पासून नव्या अर्जांना पगाराच्या किमान अटीवर कंपास नावाची गुणपद्धत लागू आहे, बहुतेकांना ४० गुण लागतात. पगार, शिक्षण, कंपनीत तुमच्या देशाचे लोक किती, आणि कंपनी स्थानिकांना किती घेते, हे चार मुख्य निकष. यातले शेवटचे दोन अर्जदाराच्या हातातच नाहीत, तुम्ही कितीही हुशार असा. ती एका कन्सल्टन्सीशी बोलत होती, त्यांच्या एचआरकडून मिळालेली माहिती तिच्याकडे होती, कॉल चालू असतानाच तिने कागद ओढला आणि आम्ही दोघींनी मांडून बघितलं. पगाराचे १०, डिग्रीचे १०, स्थानिकांच्या निकषात १०, आणि तिथल्या प्रोफेशनल आणि मॅनेजर पातळीच्या पदांवर तिच्याच देशाचे लोक २५ टक्क्यांच्या वर, म्हणून त्याचं शून्य. ३० वर अडकलं. ज्या कामांना माणसं कमी पडतात त्यांच्या यादीला बोनसचे गुण असतात, पण तिचं काम त्या यादीत बसत नव्हतं. ती तो कागद बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे मला नाकारतील ते माझ्यामुळे नाही." आणि नवऱ्याला म्हणाली, "मी मेल पाठवत नाहीये."

तिथे राहून इथल्याच कंपनीचं काम करते म्हणाली तर तिच्या कंपनीने टॅक्सच्या भीतीने नाही म्हटलं, एक माणूस दुसऱ्या देशात बसून काम करतोय म्हणून तिथे कंपनीचं पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे टॅक्स लागणारं ठिकाण, धरलं जाईल ही धास्ती मी बऱ्याच कंपन्यांत बघितलीय.

देश बदलला की सगळं बदलतं, हे लोकांना कळत नाही. नेदरलँड्समध्ये हायली स्किल्ड मायग्रंटच्या, म्हणजे कुशल नोकरीच्या परवान्यावर आलेल्याच्या, जोडीदाराला कार्डावरच कामाची मोकळीक लिहून मिळते. अमेरिकेत एकाच ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या बायकांचं वेगवेगळं, एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) वाल्याची बायको नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या वर्क परमिटशिवाय काम करू शकते, एच-१बी (कुशल नोकरीचा व्हिसा) वाल्याची नाही, तिला २०१५ च्या नियमाने परमिट मिळतं पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम ठराविक टप्प्यावर पोचलेलं असेल तरच. डच ऑफिसात त्याच लेव्हलची जागा होती, मी बिझनेसवाल्यांच्या मागे लागले, पण त्यांचं एकच, जागा सिंगापूरला मंजूर झालीय. शेवटी तिच्या नवऱ्याने नकार कळवला.

आता मला छळतंय ते असं की आमच्या ट्रॅकरमध्ये कारण म्हणून नोंद झाली 'कौटुंबिक अडचण'. अडचण परवान्याची होती, कुटुंबाची नव्हती! असे नकार या एका खान्यात जातात आणि मग वरच्या मीटिंगमध्ये म्हणतात, लोकांना जायचंच नसतं. त्याला पुढची संधी कधी मिळेल सांगता येत नाही, आणि त्यावरून ते दोघं घरात काय बोलत असतील हे डोक्यातून जात नाही.

मी नोंद परत पाठवलीय, 'जोडीदाराचा कामाचा परवाना' असा वेगळा पर्याय घाला म्हणून. पॉलिसी रिव्ह्यूमध्ये बघू म्हणाले. तोपर्यंत माझ्याकडच्या फाइल्समध्ये तो कॉल मी ऑफरच्या आधी आणलाय.