सदर झाड धोकादायक असून...

आमच्याकडे येणारा अर्ज 'सदर झाड धोकादायक असून' असाच सुरू होतो. नोकरीला अकरा वर्षं झाली, दुसरी सुरुवात अजून पाहिलेली नाही. झाड बदलतं, पत्ता बदलतो, अर्जदाराचं अक्षर बदलतं (आता अक्षरही राहिलं नाही, मोबाइलवर फोटोसकट येतं), पण 'सदर' आणि 'धोकादायक' जागच्या जागी असतात. मुंबईतल्या एका वॉर्डात रस्त्यावरची झाडं बघणं हे माझं काम. वॉर्ड कुठला ते सांगत नाही. त्याच फुटपाथवरून मला उद्याही जायचंय.

लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काय करतेस गं?" मी म्हटलं, "झाडं बघते." त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि मग?"

मग असं, की अर्ज आला की मी आणि मुकादम टेप घेऊन निघतो. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप गुंडाळून बुंध्याचा घेर मोजायचा. पुस्तकात याला छातीची उंची म्हणतात. माझ्या ती हनुवटीला लागते, पण पुस्तक लिहिणाऱ्यांनी मला विचारलं नव्हतं. मग छापील फॉर्मात जात, घेर, उंची, अंदाजे वय, स्थिती आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात चिंचोळा. 'समतोल छाटणी करावी', 'काढणे आवश्यक', 'कार्यवाहीची गरज नाही', यातलं काहीतरी एक त्यात बसवायचं. २०१८ च्या गणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांच्या वर झाडं निघाली. त्यातली बरीचशी सोसायट्यांच्या आणि सरकारी आवारांतली. रस्त्यावरची त्या मानाने थोडी, पण अर्ज जास्त त्यांच्याचवर. घरच्या माणसापेक्षा रस्त्यावरच्याला बोलणं सोपं.

मी दापोलीला कृषी पदवी घेतली. तिथे छाटणी शिकले ती आंब्याची. मधल्या फांद्या विरळ करायच्या, आत ऊन पोचलं पाहिजे, मोहोर चांगला आला पाहिजे. कापल्या जागी मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. इथे आले आणि कळलं की फळाचा प्रश्नच नाही. इथली छाटणी सिग्नल दिसावा म्हणून, दिव्याचा उजेड पडावा म्हणून, बसच्या टपाला फांदी घासू नये म्हणून, आणि श्रावण लागला की गणपतीच्या आगमनासाठी. मंडळाचे कार्यकर्ते बांबू घेऊन येतात, बांबूवर मूर्तीच्या उंचीची खूण केलेली असते, आणि सगळ्या रस्त्याने तो बांबू उभा धरून आम्ही वरात काढतो. जिथे अडेल तिथे फांदी. मागच्या वर्षी मुकादमाने त्यांना विचारलं, "मूर्ती फूटभर कमी केली तर?" त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा पुढचे तीन दिवस त्या गल्लीत चहा प्यायला गेला नाही.

धोकादायक म्हणजे काय, याच्या लोकांच्या व्याख्या मात्र ऐकण्यासारख्या असतात. जांभूळ धोकादायक, कारण गाडीवर डाग पडतात. पर्जन्यवृक्ष धोकादायक, कारण पावसाळ्यात त्यावर बगळे वस्ती करतात आणि खाली उभ्या गाडीचा रंग पांढरा होतो. (गाडी दुसरीकडे लावा म्हटलं की अर्जदार विचारात पडतात. पार्किंगला जागा कुठे आहे? बगळ्यांनाही तोच प्रश्न.) वड धोकादायक, कारण अमावास्येला कुणीतरी लिंबू ठेवून जातं. याच वडाला ज्येष्ठ पौर्णिमेला सुताने इतकं गुंडाळतात की घेर मोजताना टेप सुतावरून न्यावी लागते. ज्यांना वडापर्यंत यायला जमत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी आदल्या रात्री फांद्या तोडून बाजारात विकतं, ते निराळंच.

सातविणीवरचे अर्ज दिवाळीच्या आसपास येतात. तिला सप्तपर्णी म्हणतात, एका पेराला साधारण सात पानं. ऑक्टोबरपासून हिरवट-पांढऱ्या फुलांचे गेंद येतात आणि रात्री त्यांचा वास सुटतो. काहींना तो आवडतो, काहींचं डोकं उठतं. एका गृहस्थांनी 'सदर झाडाचा वास धोकादायक असून' असं लिहिलं होतं. स्थळपाहणीला गेले तर चहा देऊन म्हणाले, "मॅडम, निदान वासाच्या बाजूच्या फांद्या तरी छाटा." शास्त्रीय नावात या झाडाला 'स्कोलॅरिस' म्हणतात, पूर्वी त्याच्या लाकडाच्या पाट्या करायचे म्हणून. त्यांना हे सांगितलं. ते निवृत्त शिक्षक निघाले. अर्ज मागे घेतला नाही, पण दुसरा कप चहा दिला.

नारळाला मात्र मी हसत नाही. सुकलेली झावळी आणि तयार नारळ हे खरोखर डोक्यावर पडतात. त्या अर्जाला मी त्याच दिवशी जाते.

एप्रिल-मे म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचे दिवस, आणि नेमके तेच कावळ्यांचे घरट्याचे. आमचा मुकादम संगमेश्वरकडचा. घरटं कुठल्या दिशेला आहे, शेंड्याला आहे की मधल्या बेचक्यात, यावरून तो पाऊस सांगतो. वेधशाळेशी त्याचं जमत नाही. एकदा पीतमोहराची एक फांदी अगदी खिडकीत घुसली होती, ती काढायला माणूस वर चढला आणि वरूनच ओरडला, "अंडी आहेत!" शिडीवरून मीही बघितलं. घरट्यात काटक्या कमी आणि तारा जास्त. केबलचे तुकडे, कपडे वाळत घालायच्या हँगरची वाकवलेली तार, आणि मध्ये नारळाची शेंडी मऊ करून अंथरलेली. चार निळसर अंडी. मी शेरा लिहिला, 'घरटे असल्याने छाटणी तूर्त स्थगित.' खिडकीवाल्यांचे महिनाभर फोन. शेवटी त्या घरट्यातून दोन पिल्लं निघाली ती कावळ्याची आणि एक कोकिळेचं. म्हणजे माझ्या स्थगितीचा फायदा घेणारा त्यात एक भाडेकरूही होता.

'अंदाजे वय' हा रकाना पूर्वी कुणी बघतही नसे. २०२१ मध्ये झाडांच्या कायद्यात बदल झाला. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. तेव्हापासून शहरातली झाडं एकदम तरुण झाली. 'आजोबांच्या वेळचं जुनाट झाड, कधीही कोसळेल' असं लिहिणारे आता म्हणतात, "फार तर १५ वर्षांचं असेल, मॅडम." वय चोरण्याबद्दल आम्हा बायकांना उगाच बदनाम केलंय.

विषप्रयोगही बघितलेत. जाहिरातीच्या फलकासमोरचं झाड भर पावसाळ्यात वाळायला लागलं की मी बुंध्याशी उकिडवी बसते आणि माती बाजूला करते. बहुतेक वेळा सापडतं. पेन्सिल जाईल एवढं भोक, खाली तिरकं पाडलेलं, तोंडाशी मातीचा बोळा. नाक जवळ नेलं तर दवाखान्यासारखा वास. पोलिसांत तक्रार देते. भोक कुणी पाडलं ते कुणालाच माहीत नसतं.

लोक झाड बघतात ते वर. मी खाली बघत चालते. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे हरवलेली अंगठी शोधत फिरणं. पण झाडाचं दुखणं बहुधा खालीच असतं. बुंध्याला चिकटलेली लाकडासारखी कडक, तपकिरी अळंबी दिसली की समजावं मुळं कुजताहेत. वर गुलमोहर लालभडक असला तरी. मुळं सरळ पाताळात जातात ही समजूतही खरी नाही. बरीचशी वरच्या तीन-चार फुटांतच पसरतात, आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. म्हणून हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांसाठी सांगितलं की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, काँक्रीट नको. आमच्याकडच्या त्या एक मीटरमध्ये मी आतापर्यंत पाहिलेलं: पेव्हर ब्लॉक, नगरसेवकांच्या नावाचं बाकडं, चहावाल्याचं पिंप, दोन देवळं, आणि एकदा तिजोरी. बंद. कुणाची ते अजून कळलेलं नाही.

एकाच गल्लीतल्या दोन झाडांबद्दल सांगते.

एक गुलमोहर होता. बुंध्यात ढोली, कोयत्याच्या मुठीने ठोकलं तर पडघमासारखा आवाज. मी शेरा दिला, काढणे आवश्यक. झाडावर नोटीस लागली, हरकती आल्या. समोरच्या इमारतीतल्या एक आजी काठी टेकत ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, "पोकळ तर मीही झाल्येय." पुन्हा पाहणी झाली, वरचा भार हलका केला, काढण्याचं लांबत गेलं. त्याला सहा वर्षं झाली. दर मे महिन्यात तो फुलतो आणि मला त्याच्याखालून जाताना ओशाळल्यासारखं होतं.

दुसरा पर्जन्यवृक्ष. मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने वाळून गेले, त्यातून हा वाचलेला. दोन्ही बाजूच्या इमारतींना सावली देणारा. तौक्ते वादळात, १७ मे २०२१ ला, मुंबईत दोन हजारांवर झाडं पडली. आम्ही तीन दिवस रस्त्यावर होतो, पण याची डहाळीसुद्धा मोडली नव्हती. त्याच्यावर अर्ज आला होता, गाडीवाल्यांचाच, बगळ्यांवरून. मी जाऊन घेर मोजला, ठोकून बघितलं, भरीव आवाज. स्थिती: उत्तम. शेरा: कार्यवाहीची गरज नाही.

पुढच्या जुलैत तो पडला. वारा नव्हता, नुसता पाऊस. रात्री पावणेतीनला १९१६ वरून, म्हणजे पालिकेच्या आपत्कालीन फोनवरून, निरोप आला. आम्ही पोचेपर्यंत पाऊस थांबला होता. माणूस कुणी सापडलं नव्हतं. एक स्कूटर आणि इस्त्रीवाल्याचं टेबल गेलं. बॅटरीच्या उजेडात मी मुळाकडे गेले. एका बाजूची मुळं तुटून, ओरबाडून वर आलेली, बोटबोट माती लागलेली. दुसऱ्या बाजूला मुळं नव्हतीच. मनगटाएवढी चार-पाच टोकं, एका रेषेत, करवतीने कापावीत तशी सपाट. हिवाळ्यात कुणीतरी केबलसाठी चर खणला होता, वरून पेव्हर ब्लॉक बसवून टाकले होते. कापलेल्या टोकांच्या कडेने नवी बारीक मुळं फुटली होती, पांढरी, शेवयांसारखी. म्हणजे झाडाने आपल्या बाजूने सुरुवात केली होती.

त्याच ब्लॉकांवर उभी राहून मी घेर मोजला होता.

मुकादम काही बोलला नाही. त्याने बुंध्याला हात लावून नमस्कार केला, जसा तो पिंपळ काढण्याआधी करतो, आणि माणसांना करवत आणायला सांगितलं. पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी मिटतात. आडव्या झाडाचीही मिटलेलीच होती. आम्ही रस्ता मोकळा करायला रहदारीच्या बाजूने सुरुवात केली, त्यामुळे शेंड्याकडचा भाग उजाडेपर्यंत तसाच राहिला. साडेसहाला ढगातून जरा उजेड आला तेव्हा ती पानं उघडली. सगळी नाही, पण बरीच. एक दूधवाला सायकल धरून बघत उभा होता. त्याला वाटलं, मी झाडाची मोजणी करतेय.

घरी गेले तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. चहा पुढे ठेवून म्हणाल्या, "कुठलं?" त्यांना आता झाडं ओळखू येतात. आठवडाभर मी त्या गल्लीतून गेले नाही. त्यानंतर चर कुठे खणलाय याची नोंद मी स्वतःच्या वहीत ठेवायला लागले. फॉर्मात त्याला रकाना नाही.

त्या जागी ताम्हण लावला. आपल्या राज्याचं फूल ते, आणि या रुंदीच्या रस्त्याला सोसेल एवढाच वाढणारा. सात फुटांचं रोप, काठीला बांधलेलं, भोवती लोखंडी पिंजरा. आळं मी उभी राहून करून घेतलं, पुरतं एक मीटर. लावून तीन महिने झाले नाहीत तोच मोबाइलवर फोटोसकट अर्ज आला. 'सदर झाडाचा पिंजरा धोकादायक असून त्याची तार बाहेर आल्याने माझा शर्ट फाटला आहे.' फोटोत शर्ट होता, तारही होती, आणि मागे ताम्हणाची चार नवी पानं.

मी आणि मुकादम गेलो. तार खरंच बाहेर आलेली होती. मी टेप काढली, सवयीने, आणि परत ठेवली. मुकादमाने पक्कडीने तार आत वाकवली. शेरा लिहिला, 'पाहणी केली. तार वाकवून घेतली.'